विश्लेषण : बोअरच्या बिटात टंगस्टन, मग सांगलीच्या जमिनीत का नाही? महाराष्ट्रातील साठ्यांचे पुढे काय?

जत, आटपाडी किंवा कवठेमहांकाळच्या माळावर बोअरची गाडी उभी राहिली की पहिले काही फूट मुरूम जातो, मग काळा पाषाण लागतो. तो फोडणाऱ्या बिटाच्या तोंडावर करड्या रंगाची गोल बटणे बसवलेली असतात. ही बटणे पोलादाची नसतात, टंगस्टन कार्बाइडची असतात. माधवनगर रस्त्यालगतची वसंतदादा औद्योगिक वसाहत, कुपवाड किंवा मिरजेतील लेथवर ज्याला कारागीर ‘विडिया’ म्हणतात, ती टिपही याच पदार्थाची. म्हणजे सांगली जिल्ह्यातील शेतीचे पाणी आणि कारखान्यांतील कातकाम दोन्ही ज्या धातूवर अवलंबून आहेत, तो या जिल्ह्याच्या जमिनीत सापडत नाही. देशातही सध्या त्याचे खाणीतून उत्पादन होत नाही. चीनने 4 फेब्रुवारी 2025 रोजी टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रण आणले आणि त्या वर्षात जागतिक बाजारातील दर झपाट्याने चढले. त्यानंतर भारतातील जुन्या साठ्यांची चर्चा पुन्हा सुरू झाली. त्यांत विदर्भातील एक साठा आहे. तो शंभराहून अधिक वर्षे माहीत असूनही तेथे मोठी खाण उभी राहिलेली नाही. असे का, हे समजण्यासाठी ‘स्कार्न’ या खडकापासून सुरुवात करावी लागते.

टंगस्टनचे महत्त्व कशासाठी?

टंगस्टन 3,422 अंश सेल्सिअसला वितळतो. इतके तापमान सोसणारा दुसरा धातू नाही. त्याची घनता सोन्याइतकी, म्हणजे पाण्याच्या सुमारे 19 पट आहे. कार्बनशी संयोग झाला की त्यापासून हिऱ्याच्या खालोखाल मोजला जाणारा कठीण पदार्थ तयार होतो. 1920 च्या दशकात जर्मनीतील क्रुप कंपनीने ही कार्बाइडची हत्यारे बाजारात आणली. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांची अक्षरे जोडून तिने त्यांना ‘विडिया’ हे व्यापारी नाव दिले. कंपन्या बदलल्या, पण आपल्याकडील वर्कशॉपमध्ये ते नाव टिकून राहिले. कातकामाची हत्यारे, बोअरची बिट, खाणकामाची यंत्रे, तोफगोळे आणि विमानाच्या इंजिनाचे भाग अशा अनेक ठिकाणी टंगस्टन लागते. जगातील सुमारे 80 टक्के उत्पादन एकट्या चीनमध्ये होते. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये जाहीर केलेल्या 30 अत्यावश्यक खनिजांच्या यादीत त्याचा समावेश आहे, तो यामुळेच.

स्कार्न म्हणजे काय?

हा शब्द स्वीडनमधील खाणकामगारांचा. लोखंडाच्या खाणीत धातुकासोबत जो निरुपयोगी, टाकून द्यायचा दगड निघे, त्याला ते स्कार्न म्हणत. टॉर्नेबोम या स्वीडिश भूवैज्ञानिकाने 1875 मध्ये तो शब्द शास्त्रात आणला. टाकाऊ म्हणून नाव मिळालेला हाच खडक पुढे टंगस्टन, तांबे, जस्त, लोखंड आणि सोने यांच्या मोठ्या साठ्यांची खूण ठरला.

स्कार्न तयार होण्यासाठी दोन गोष्टी एकमेकींना भेटाव्या लागतात. एक, चुनखडी किंवा डोलोमाइटचा थर. दोन, खालून वर सरकणारा ग्रॅनाईटचा तप्त रस. हा रस जमिनीखाली काही किलोमीटरवर थांबतो आणि लाखो वर्षे सावकाश थंड होतो. थंड होताना त्यातील स्फटिकांमध्ये ज्या मूलद्रव्यांना जागा मिळत नाही, ती उरलेल्या रसात साचत जातात. टंगस्टन त्यांपैकीच एक. शेवटी रसातून अतिशय गरम, खारट, आम्लधर्मी पाणी बाहेर पडते आणि ही मूलद्रव्ये सोबत घेऊन भेगांतून वर निघते.

चुनखडीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. खडक ओळखण्यासाठी भूवैज्ञानिकांच्या पिशवीत आम्लाची छोटी बाटली असते ती याचसाठी. जमिनीखाली हीच क्रिया प्रचंड प्रमाणावर आणि शेकडो अंश तापमानात घडते. पाण्यातील सिलिका चुनखडीतील कॅल्शियमशी जुळते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि चुनखडीच्या जागी गार्नेट, पायरोक्सीन, वोलॅस्टोनाइट यांचा नवा, जड, हिरवट-तांबूस खडक तयार होतो. हाच स्कार्न. या क्रियेत पाण्याचे आम्लपण उतरते, त्यामुळे टंगस्टन विरघळलेले राहू शकत नाही. ते कॅल्शियमशी संयोग पावून ‘शीलाइट’ या खनिजाच्या रूपात तिथेच बसते. चुनखडी येथे एखाद्या जाळ्याचे काम करते.

हे जाळे का लागते, ते आकड्यांवरून कळते. पृथ्वीच्या कवचात टंगस्टनचे प्रमाण सरासरी टनाला सुमारे एक ग्रॅम. खाण परवडण्यासाठी मात्र टनामागे दोन ते पाच किलो तरी हवे. म्हणजे निसर्गाने ते काही हजार पटींनी एका जागी गोळा करायला हवे. खनिज ‘असणे’ आणि खनिजाचा ‘साठा’ असणे यांतील फरक तो हाच.

मग सांगली-साताऱ्यात स्कार्न का नाही?

या दोन जिल्ह्यांचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा एकावर एक थरांनी पसरला. बोअरमध्ये कधी काळा पाषाण, कधी मांजऱ्या, तर मध्येच लाल गेरूचा पट्टा लागतो, तो या थरांमुळेच. हा लाव्हा ग्रॅनाईटच्या रसासारखा खोलवर थांबून शिजला नाही. तो थेट वर येऊन उघड्यावर पसरला आणि थिजला. त्यात पाण्याचा अंश कमी होता, टंगस्टनही नगण्य होते आणि वाटेत चुनखडीचे जाळेही नव्हते. नंतर पाऊस आणि उन्हाने या खडकाचे माथे कुजून जांभा झाला. त्यातून सातारा-कोल्हापूरच्या पठारांवर बॉक्साइट मिळाले. बेसॉल्टकडून मिळणारे खनिज ते एवढेच.

या थरांच्या खाली काय आहे? त्याचे उत्तर कोयनेने दिले. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर या भागात भूकंपांची मालिका सुरूच राहिली. तिचा उगम समजून घेण्यासाठी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने खोल छिद्रणाचा प्रकल्प हाती घेतला आणि त्यासाठी कराडला प्रयोगशाळा उभारली. प्रत्येकी सुमारे दीड किलोमीटरपर्यंतची बोअर घेतल्यानंतर गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल बोअर घेण्यात आले. तेथे बेसॉल्टचा थर सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला. त्याखाली थेट ग्रॅनाईटवर्गीय प्राचीन खडक लागला. दोहोंच्या मध्ये गाळाच्या खडकाचा थर मिळाला नाही. म्हणजे साताऱ्यात या ठिकाणी तरी ग्रॅनाईट आहे, पण त्याच्या अंगाला चुनखडी नाही.

याच्या उलट चित्र सांगलीच्या दक्षिणेला, कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात दिसते. तेथे कलादगी खोऱ्यात चुनखडी आणि डोलोमाइटचे थर आहेत. पण ते जुन्या ग्रॅनाईटवर नंतर साचले. खालचा ग्रॅनाईट तोवर केव्हाच थंड झाला होता. त्यामुळे ती चुनखडी चुनखडीच राहिली आणि आज सिमेंटच्या कारखान्यांना जाते. एका ठिकाणी ग्रॅनाईट आहे, दुसरीकडे चुनखडी आहे. योग्य वेळी दोघांची गाठ पडली नाही.

भारतात ही गाठ कुठे पडली?

राजस्थानच्या सिरोही जिल्ह्यातील बेलका पहाड हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तेथे अरवलीतील चुनखडीवर ग्रॅनाईटची क्रिया होऊन वोलॅस्टोनाइट हे पांढरे, तंतुमय खनिज मोठ्या प्रमाणात तयार झाले. टाइल्स, रंग आणि सिरॅमिक उद्योगात ते वापरले जाते. तेथे स्कार्न आहे, पण मुख्य पीक टंगस्टनचे नाही. स्कार्न मिळाला म्हणजे हवा तो धातू मिळालाच, असे होत नाही. रसात मुळात काय साचले होते, त्यावर ते ठरते.

विदर्भातील सौसर गटाच्या खडकांमध्ये, मनसर-रामटेकच्या परिसरात, संगमरवराबरोबर पायरोक्सीनसारखी चुन्याची सिलिकेटी खनिजे सापडतात. हातात घेतल्यावर हा दगड स्कार्नसारखा वाटू शकतो. पण तो डोंगर घडताना संपूर्ण प्रदेशावर आलेल्या दाबाने आणि उष्णतेने तयार झाला. बाहेरून धातू घेऊन येणारे पाणी त्यात खेळले नाही. दिसायला सारख्या असणाऱ्या या दोन खडकांत गल्लत होऊ न देणे हे खनिजशोधातले एक मोठे काम असते.

महाराष्ट्रातील टंगस्टन नेमके कुठे आहे?

नागपूरच्या आग्नेयेला कुही तालुक्यात आणि लगतच्या भंडारा पट्ट्यात. येथील खडक साकोली गटाचे, म्हणजे मुख्यतः अभ्रकी शिस्ट. चुनखडीचे जाळे येथे नाही. त्यामुळे टंगस्टनवाहू पाणी गारगोटीच्या शिरांमध्ये आणि तूरमलीयुक्त शिस्टमध्येच मुरले. साहजिकच येथे मुख्यतः वुल्फ्रमाइट, म्हणजे लोह आणि मँगेनीज यांच्याशी जोडलेले काळे, जड टंगस्टन मिळते. सोबत थोडे शीलाइटही आढळते. काटेकोरपणे पाहता हा स्कार्न नव्हे. त्याला स्कार्नचा चुलतभाऊ म्हणता येईल. धातू आणणारे गरम पाणी सारखेच, पण ते अडवणारा खडक वेगळा.

फरक नुसता नावाचा नाही. चुनखडीचा थर धातू अडवतो तेव्हा साठा त्या थराच्या आकाराचा, सलग होऊ शकतो. शिरांमधला साठा भेगा जातील तसा जातो. आज हातभर जाडीची असलेली शीर चार पावलांवर बोटभर होते आणि पुढे हरवते. दोन बोअरमध्ये धातू लागला म्हणून त्यांच्या मधल्या जागेत तो असेलच असे सांगता येत नाही. त्यामुळे शोधाचा खर्च वाढतो आणि खाणीचा हिशेब कच्चा राहतो.

त्याचा शोध कसा लागला?

आगरगावच्या वुल्फ्रमची शास्त्रीय नोंद विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे लुईस फर्मोर तेव्हा मध्य प्रांतातील मँगेनीजचा अभ्यास करत होते. भारतातील मँगेनीज साठ्यांवरील त्यांचा 1909 चा ग्रंथ आजही संदर्भासाठी पाहिला जातो. त्याच काळात त्यांनी आगरगावच्या वुल्फ्रमवरही लिहिले. काही वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले. शस्त्रास्त्रांच्या पोलादासाठी टंगस्टनची मागणी उसळली आणि ब्रिटिश साम्राज्याने आपला भर ब्रह्मदेशातील तव्हॉयच्या समृद्ध खाणींवर दिला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. तेथून भरपूर माल येत असताना कुहीच्या शिरा कोण खणणार? 1937 मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला आणि त्या खाणी हिशेबातून गेल्या. पुढे स्वतंत्र भारतात राजस्थानच्या नागौर जिल्ह्यातील डेगाना येथे टंगस्टन काढले जात होते. स्वस्त आयातीपुढे तीही खाण टिकली नाही.

कुही, खोबना आणि परडी येथील तपशीलवार शोध भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नंतरच्या काळात केला. त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. आधी नाल्यांतील वाळू धुऊन जड कण वेगळे काढतात. वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझारी पिढ्यानपिढ्या लाकडी पाटीत वाळू घोळवून सोन्याचे कण काढत आले, तेच हे तत्त्व. गारगोटीच्या कणापेक्षा वुल्फ्रमाइट अडीच पटींहून जड असल्याने पाटीच्या तळाशी राहते. ज्या नाल्यात असे कण मिळतात, त्याच्या उगमाकडे सरकत जायचे. मग चर खणायचे, नमुने घ्यायचे आणि शेवटी हिरेजडित बिटाने बोअर घेऊन खडकाचे अखंड दंडगोल वर काढायचे. शीलाइट शोधण्याची युक्ती तर आणखी सोपी आहे. साध्या उजेडात ते पांढुरके, गारगोटीसारखेच दिसते. अंधारात त्यावर अतिनील दिवा धरला की निळसर पांढरे चमकते. म्हणून टंगस्टन शोधणारे भूवैज्ञानिक बोअरमधून निघालेले नमुने अंधाऱ्या खोलीत मांडून तपासतात.

या शोधाचे निष्कर्ष भारतीय खाण ब्युरोच्या प्रकाशनांत आहेत. कुही गटात टंगस्टन ऑक्साइडचे प्रमाण 0.01 ते 0.19 टक्के, खोबना गटात 0.13 ते 0.38 टक्के आणि परडी गटात 0.48 टक्के. म्हणजे उत्तम नमुन्यातही टनाला पाच किलोच्या आत.

साठा आहे, मग खाण का नाही?

येथे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. जमिनीत जे आहे असा अंदाज आहे, ते ‘संसाधन’. त्यातील जे आजच्या दरात, आजच्या तंत्राने आणि आजच्या परवानग्यांसह नफ्यात काढता येते, तो ‘राखीव साठा’. 2015 च्या राष्ट्रीय खनिज यादीनुसार देशात टंगस्टनचे सुमारे 8 कोटी 74 लाख टन धातुक आहे आणि त्यात सुमारे 1 लाख 42 हजार टन टंगस्टन ऑक्साइड आहे. त्यांतील कर्नाटकाचा वाटा 42 टक्के, राजस्थानचा 27, आंध्र प्रदेशाचा 17 आणि महाराष्ट्राचा 9 टक्के. आकडे मोठे दिसतात. पण भागाकार केला तर सरासरी टनाला दीड किलोच्या आसपास येते. त्यामुळेच हे सगळे संसाधन या रकान्यात आहे. राखीव साठ्याचा रकाना रिकामा आहे.

वृत्तपत्रांत ‘अमुक लाख टनांचा साठा सापडला’ अशी बातमी आली की वाचकाने पहिला प्रश्न विचारावा तो हा : संसाधन की राखीव साठा? दुसरा प्रश्न : टनाला किती?

कुहीच्या बाबतीत आणखीही हिशेब आहेत. याच तालुक्यातील गावांनी गोसीखुर्द प्रकल्पासाठी जमिनी दिल्या आहेत आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याची हद्द या तालुक्याला लागते. टनाला तीन-चार किलो धातू काढायचा म्हणजे उरलेला जवळपास सगळा टन दळून कुठे तरी साचवावा लागणार. त्या ढिगाला जागा, धुण्याला पाणी आणि स्थानिकांची संमती हे प्रश्न धातूच्या दराइतकेच महत्त्वाचे ठरतात.

परिस्थिती बदलू शकते का?

दक्षिण कोरियातील सांगडोंगचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील शीलाइटचा स्कार्न 1916 मध्ये सापडला. कोरियन युद्धानंतरच्या वर्षांत त्या देशाला परकीय चलन मिळवून देणारा टंगस्टन हा प्रमुख माल होता. पुढे चीनच्या स्वस्त मालापुढे 1990 च्या दशकात खाण बंद पडली. आता दर चढल्यावर तीच खाण परदेशी कंपनीने पुन्हा उभारली आहे. खडक बदलला नाही, त्यातील धातूचे प्रमाणही बदलले नाही. ते टनाला साडेचार किलोंच्या आसपासच आहे. बदलला तो बाजार. परडीचा आकडा याच्या जवळ जातो. पण सांगडोंगचा थर सलग आहे आणि आपल्या शिरा तुटक आहेत, हा फरक विसरून चालत नाही.

आणखी एक गोष्ट. सांगडोंगला धातू देणारा ग्रॅनाईट वर कुठेच दिसत नव्हता. खाण कित्येक दशके चालल्यानंतर खोल बोअर घेतल्यावर तो खाली सापडला. विदर्भातील शोध मुख्यतः उथळ थरांपुरता राहिला आहे. खोलवर काय आहे, ते पुढील छिद्रणानेच कळेल.

सरकारी पातळीवर काही पावले पडली आहेत. खाण कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीने टंगस्टनसह 24 खनिजांच्या लिलावाचा अधिकार केंद्राकडे आला. जानेवारी 2025 मध्ये 16,300 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज मोहिमेला मंजुरी मिळाली. मात्र लिलावातून प्रत्यक्ष खाण उभी राहायला अनेक वर्षे लागतात. तोवर लेथवाल्याची टिप आणि बोअरवाल्याचे बिट महागच पडणार.

सांगलीच्या हातात काय?

जमिनीत टंगस्टन नसले तरी या परिसरात ते आहे. प्रत्येक वर्कशॉपच्या कोपऱ्यात झिजलेल्या टिपांचा डबा असतो. तुटकी बटण बिटही भंगारात जातात. अशा कार्बाइडमध्ये वजनाच्या 80 टक्क्यांहून अधिक टंगस्टन असते. परडीच्या उत्तम धातुकात ते अर्धा टक्काही नाही. म्हणजे झिजलेल्या टिपांचा पाच किलोंचा डबा हा त्या खाणीतील एक टन दगडाइतका किंवा त्याहून सरस ठरतो. तोही न फोडता, न दळता. जगात टंगस्टनचा मोठा वाटा आज अशा भंगारातूनच परत वापरात येतो. केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये अत्यावश्यक खनिजांच्या पुनर्वापरासाठी 1,500 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आहे. सांगली-मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींनी हे भंगार लोखंडात न मिसळता वेगळे जमवले, वजनावर नोंदवले आणि एकत्रित विकले, तर त्याला चांगला भाव मिळू शकतो.

कुहीची खाण कधी सुरू होईल, हे तेथील खडक, बाजारभाव आणि तेथील लोक मिळून ठरवतील. टिपांचा डबा वेगळा ठेवायचा की नाही, हे मात्र इथल्या वर्कशॉपवाल्याला आजच ठरवता येईल.